मैना कावीळ उतरवत नाही

दिघीच्या बंदरावरून रिक्षा केली की पंधरा मिनिटांत माळाचा कोंड लागतो. पस्तीस घरं, त्यातली निम्मी कुलूपबंद, कारण माणसं मुंबईला. बाहेरून आलेल्याला या कोंडात कुठे उतरायचं ते सांगावं लागत नसे. "कावीळवालीकडं" एवढं म्हटलं की रिक्षावाला थेट शेवटच्या घरापुढे आणून सोडायचा. ही कावीळवाली म्हणजे रंगू. ती जाऊन तीन वर्षं झाली तरी ते नाव काही घरावरून उतरलं नाही, आणि रंगूची सून मैना तीन वर्षं त्या नावाशी एकटी भांडत होती.

मैनाचं घर रस्त्याकडून बघितलं तर इतरांसारखंच. चिऱ्याच्या भिंती, वर पत्रा. खरी इस्टेट मागीलदारी. पार वहाळाच्या पाण्यापर्यंत उतरत गेलेली पाऊण गुंठा जमीन, आणि तिथं बोटभर जागा मोकळी नाही. कुंपणाला अडुळसा आणि निर्गुंडी, मोरीच्या पाण्यावर वेखंड आणि ब्राह्मी, शेवग्यावर चढलेली गुळवेल, दगडांच्या सांदीत पानओवा, सावलीला आंबेहळद. शतावरी तिनं फणसाच्या बुंध्याशी लावली होती आणि कोरफड फुटक्या घमेल्यांतून. मैनानं काठी रोवली तरी तिला पालवी फुटते, असं कोंडातल्या बायका म्हणत. मैना म्हणे, "काठीला पानी घालावं लागतं बाय, नुसती रोवून काय व्हतं?"

खोकला झाला, पोट दुखलं, बाळंतिणीला दूध कमी पडलं की बायका मागच्या वाटेनं यायच्या. मैना पानं तोडून द्यायची, कसं उकळायचं ते सांगायची आणि शेवटी एक वाक्य हमखास जोडायची, "तीन दिसांत उतार पडला न्हाय तर परत माज्याकडं यायचा न्हाय. सरळ डाक्टरकडं जायचा."

कावीळ मात्र ती उतरवत नसे.

रंगूचं काविळीचं औषध पिढीजात. देवडांगरी नावाची एक वेल असते, तिची काटेरी, जाळीदार फळं सुकवायची, पाण्यात भिजवायची आणि ते पाणी रोग्याच्या नाकात टाकायचं. थोड्या वेळानं नाकातून पिवळंधमक पाणी ठिबकू लागतं. रंगू खाली पांढरं फडकं धरायची. फडकं पिवळं झालं की रोग्याच्या बायकोला दाखवायची, "बघ, निघाली." पैसा घ्यायची नाही, देवापुढे नारळ ठेवा म्हणायची. महाडहून, पनवेलहून माणसं यायची आणि बहुतेक बरी होऊन जायची. रंगूला ते पुण्य वाटे आणि तिच्या थोरल्या मुलाला, अंबाजीला, त्याचा मोठा अभिमान होता.

रंगूचा धाकटा मुलगा रघू, म्हणजे मैनाचा नवरा, रोह्याला कामाला होता. बारा वर्षांपूर्वी श्रावणात तो डोळे पिवळे घेऊन घरी आला. रंगूनं पाच दिवस त्याच्या नाकात औषध टाकलं. पाचही दिवस फडकं पिवळं झालं. पाचव्या संध्याकाळी रघू बरळायला लागला, मैनाला आत्याच्या नावानं हाका मारू लागला. मैनानं शेजारच्या घरातून मुंबईला अंबाजीला फोन केला, "भावोजी, यास्नी दवाखान्यात न्यायला सांगा, आई माजं ऐकत न्हायत." अंबाजी तेव्हा गोदीत कामाला. तो म्हणाला, "आईनं शेकड्यानं माणसं उठवलीत. पोटच्या पोराला ती कमी करंल काय? तिचं ऐक." दुसऱ्या दिवशी दुपारी अखेर दवाखान्यात नेताना जीपमध्ये, म्हसळ्याच्या अलीकडे, रघू गेला.

रंगूनं त्यानंतरही औषध सोडलं नाही. उलट जास्तच इरेनं द्यायला लागली. मैना फळं भिजवून द्यायची, फडकी धुवायची आणि तोंडातून शब्द काढायची नाही. आपल्या हातानं पोटचा मुलगा घालवला हे जिला कळूनही कळून घ्यायचं नव्हतं, त्या म्हातारीला आणखी काय सांगायचं? पण रंगूचं तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी सकाळी मैनानं कुंपणावरची देवडांगरी मुळासकट उपटली, आणि वाळलेली फळं चुलीत घातली.

दोन वर्षांपूर्वी अंबाजी निवृत्त होऊन गावी आला आणि गावकीचा पुढारी झाला. सरळ माणूस. पण आईचं औषध बंद पडलंय हे काही त्याच्या घशाखाली उतरेना. आठवड्यातून एकदा तरी तो तिच्या अंगणाच्या कडेला उभा राहायचा आणि म्हणायचा, "मैना, आईचं देणं हाय ते. असं पुरून ठेवू नये." मैना डोक्यावरचा पदर सारखा करून गप्प राहायची. थोरल्या दिराशी वाद घालायची त्या घराची रीत नव्हती.

ती रीत मोडायचा दिवस गणपती जाऊन आठवडा झाला तेव्हा आला.

सकाळी दहाचा सुमार होता. मैना आंबेहळदीतलं तण काढत होती, तेवढ्यात पुढच्या दारी रिक्षा थांबली, म्हणून ती पुढे आली. रिक्षा दिघीच्या जलीलची. आतून त्याची मोठी बहीण फिरोजा उतरली. पन्नाशीची, भारदस्त बाई. तिच्या मागोमाग तिच्या आधारानं उतरली तिची सून आफरा. वीस-बावीस वर्षांची, सातव्या महिन्याचं पोट, आणि डोळे इतके पिवळे, की मैना हातातलं खुरपं टाकून तिच्याकडे धावली.

"मैनाबाय," फिरोजा ओटीवर टेकता टेकता म्हणाली, "तुझ्या सासूनं मला दहा वर्षांची असताना उठवलेलं. माझे अब्बा मला पाठीवर घेऊन आलते इथं. आता माझी सून उठव. माझा मुलगा मस्कतला आहे. त्याची अमानत आहे ही माझ्याकडं."

मैनानं आफराचा हात हातात घेतला. अंग कोमट होतं, नाडी भराभर चाललेली. "किती दिवस झाले गो पोरी?"

"डोळे चार दिवस झाले," आफरा हळू आवाजात म्हणाली. "ओकाऱ्या आठ दिवस. आज सारखी झोप येते."

मैनानं 'झोप येते' एवढंच ऐकलं. रघूही पाचव्या दिवशी दुपारी असंच म्हणाला होता.

"फिरोजाभाभी, हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. मी औषध देनार न्हाय."

"देणार नाही म्हणजे?"

"न्हाय म्हंजे न्हाय. मी कावीळ उतरवत न्हाय. कुनाचीच."

फिरोजा आधी विनवत राहिली. मग तिचा आवाज चढला. "आम्ही मोहल्ल्यातले म्हणून नाही म्हणतेस? तुझ्या सासूनं कधी जातपात बघितली नाही!"

"मीबी बगत न्हाय. माजा सख्खा भाऊ आला असता तरी हेच बोलली असती."

आवाज ऐकून अंबाजी समोरच्या घरातून आला. फिरोजानं त्याला सगळं सांगितलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या आईच्या उंबऱ्यावरून माणूस रिकाम्या हाती चाललंय हे अंबाजीला सहन होईना. तो मैनाकडे न बघताच म्हणाला, "बसा तुम्ही. औषध मी देतो. आईच्या हातची फळं माझ्या माळ्यावर आहेत अजून. ही नसली म्हणून काय झालं?"

मैनाला ते ठाऊक नव्हतं. सगळी फळं चुलीत गेली असं ती समजून होती. अंबाजी गेला आणि पंधरा मिनिटांनी वाटीत भिजवलेलं पाणी आणि एक पांढरं फडकं घेऊन परत आला. फिरोजानं सुनेचं डोकं मांडीवर घेतलं. आफराचे डोळे अर्धवट मिटलेले.

मैना ओटीवर चढली, आणि दीर आणि ती पोर यांच्यामध्ये उभी राहिली. डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरला होता. तो तिनं वर घेतला नाही.

"भावोजी, वाटी खाली ठेवा."

"बाजूला हो."

"न्हाय व्हनार."

"मैना, मी तुझा थोरला दीर हाय."

"म्हनून तर इतकी वर्सं गप बसली. आता न्हाय बसनार. ही दोन जिवाची पोर हाय. हिच्या नाकाला हात लावायचा असंल तर आधी मला ढकलायला लागंल, आनी तुमी मला हात लावनारे न्हाय, हे मला म्हाईत हाय."

अंबाजीचा हात जागच्या जागी थांबला. मैनानं त्याच्या हातातली वाटी काढून घेतली आणि ओटीवरून अंगणात रिकामी केली. मग ती रस्त्याकडे वळून ओरडली, "जलील! रिक्षा फिरव. मी येतंय संगती."

जलील बहिणीकडे बघू लागला. फिरोजानं रागानं मान हलवून त्याला नको म्हटलं, पण आफरानं तिच्या मांडीवरून डोकं उचललं आणि एवढंच म्हणाली, "अम्मी, चला दवाखान्यात." त्या एका वाक्यानं निकाल लागला.

आरोग्य केंद्रातली डॉक्टरीण तरुण होती. तिनं आफराचे डोळे बघितले, पोट तपासलं, तिला साधे दोन प्रश्न विचारले, आज वार कोणता आणि घरी कोण कोण असतं. आफराला वार सांगता आला नाही. डॉक्टरीण उठलीच. "गरोदर बाईला ही कावीळ फार वाईट. इथं नाही होणार. अलिबागला न्यायचं, आत्ता." तिनं स्वतः फोन लावले, रुग्णवाहिका बोलावली.

दिघीच्या जेट्टीवर फेरीबोट सुटायच्या बेतात होती. रुग्णवाहिका बघून बोटीवरच्या माणसांनी दोन गाड्या मागे घेतल्या आणि जागा केली. खाडी ओलांडून अलिबागच्या बाजूच्या आगरदांड्याला पोचेपर्यंत आफरा तीन वेळा जागी झाली. तिसऱ्या वेळी तिनं मैनालाच अम्मी म्हणून हाक मारली. फिरोजा शेजारीच होती. तिनं ते ऐकलं आणि पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावरचा राग जाऊन तिथं भीती आली. मैनानं आफराचा हात सोडला नाही. मनातल्या मनात ती एकच म्हणत होती, या वेळी गाडी पोचू दे.

गाडी पोचली. आफरा वाचली. सोळा दिवस दवाखान्यात होती, त्यातले पाच दिवस काही खरं नव्हतं. पण मूल राहिलं नाही. तिसऱ्या दिवशी ते पोटातच गेलं.

डॉक्टरांनी फिरोजाला सांगितलं, की दोन दिवस उशीर झाला असता तर आईही हाताला लागली नसती. फिरोजानं ते ऐकलं, पण दुःखाला कुठंतरी टेकायला जागा लागते. दिघीत आलेल्या-गेलेल्याला ती सांगू लागली, "औषध त्या बाईच्या दारात तयार होतं. वाटी हातात होती. तिनं मातीत ओतली." हे बोलणं दिघीहून माळाच्या कोंडात यायला एक दिवससुद्धा लागला नाही.

कोंडात आधी बायका मागच्या वाटेनं यायच्या बंद झाल्या. मग पाणवठ्यावर मैना आली की बोलणं थांबू लागलं. एक म्हातारी तोंडावर म्हणाली, "सासूचा वसा मोडलास, त्याचं फळ कुनाच्या लेकराला भोगाय लागला." आणि दसरा झाल्यावर अंबाजीनं निरोप पाठवला, रविवारी सकाळी भैरीच्या देवळात गावकी बसणार आहे, मैनानं यावं.

निरोपाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. मागीलदारची जमीन दोघा भावांची सामाईक. मैना औषध देणार नसेल तर ती बाग अंबाजीच्या सुनेच्या हवाली करायची, देवडांगरी पुन्हा लावायची, आणि रंगूचं देणं तिथून पुढे चालवायचं.

शनिवारचा सगळा दिवस मैना बागेत होती. काम काही नव्हतं, तरी होती. माणसाला बाहेरच्यांचं बोलणं सोसतं. आतलं बोलणं सोसत नाही, आणि तिच्या आत आता शंका बोलू लागली होती. खरंच दिलं असतं तर? रघू गेला, पण शेकड्यानं माणसं उठलीही होती. ती आपली आपण उठली, की औषधानं उठली, हे मैनाला कोण सांगणार? तिच्यापाशी एकच गोष्ट होती. रघू गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात देवडांगरीची फळं फोडताना तिच्या नाकात भुकटी गेली होती. शिंकून शिंकून जीव गेला, आणि मग दुपारभर नाकातून पिवळं पाणी गळत होतं. तिनं ते पदराला पुसलं आणि कुणाला सांगितलं नाही. तेव्हा तिच्या मनात एक विचार येऊन गेला होता. पण कुणास ठाऊक, तिलाही तेव्हा थोडी कावीळ असेल. नवऱ्याची लागली असेल. बारा वर्षांनी आता काय खात्री?

संध्याकाळी ती उठली, अंगण ओलांडून अंबाजीच्या दारात गेली. गावकीच्या निरोपानंतर ती पहिल्यांदाच त्याच्या दारात आली होती.

"भावोजी, तुमच्या माळ्यावरची फळं संपली काय?"

"आहेत थोडी. का?"

"उद्या भिजवून आना देवळात. तुमच्याच हातानं भिजवा. आई भिजवायची तशीच."

अंबाजीला वाटलं, भावजयीला अखेर शहाणपण सुचलं. तो खूश झाला. "येशील ना वेळेवर?" म्हणाला. मैना म्हणाली, "येतंय."

रविवारी देवळाच्या मंडपात पुरुष बसले होते, बायका मागे खांबांच्या पलीकडे. मैना बायकांत बसली नाही. ती मंडपाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. दोघं-तिघं कुजबुजले. अंबाजीनं नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं आणि सगळ्यांना सांगितलं, की आपल्या आईचं देणं पुढे चालावं एवढीच त्याची इच्छा आहे, कुणाशी वैर नाही. वाटी त्याच्या पुढ्यात होती, शेजारी कापूस आणि घडी घातलेलं पांढरं फडकं.

"बोल मैना," तो म्हणाला.

"मी एकच इचारतंय," मैना म्हणाली. आवाज तिच्याच कानाला अनोळखी वाटला. "पिवळा पानी निघतो तो कावीळचा, व्हय ना?"

"व्हय," चार-पाच जण एकदम म्हणाले.

"म्हंजे ज्याला कावीळ न्हाय त्याला निघनार न्हाय."

"कसा निघंल?"

"माजे डोळे बगा." ती एकेकाच्या पुढे गेली आणि बोटानं पापणी खाली ओढून दाखवू लागली. पुरुषमाणसं अवघडली, पण बघावं लागलं. "हायेत पिवळे? न्हाय ना? नीट बगा, मागनं बोलायचा न्हाय."

मग ती अंबाजीपुढे बसली आणि मान मागे टाकली. "घाला."

"काय?"

"औषध. माज्या नाकात घाला."

अंबाजी घुटमळला. मैनानं वाट बघितली नाही. वाटीत कापूस बुडवला आणि स्वतःच दोन्ही नाकपुड्यांत पिळला.

आग डोक्यापर्यंत गेली. डोळ्यांतून धारा लागल्या. ती पुढे वाकली, फडकं दोन्ही हातांनी तोंडाखाली धरलं आणि वाट बघत राहिली. काहीच येईना. नाकात नुसती जळजळ. मैनाला वाटलं, संपलं. आता हे सगळे उठतील, बाग जाईल, ते जाऊ दे, पण ती पोर, ते मूल, ते सगळं माझ्या माथ्यावर...

पहिला थेंब फडक्यावर पडला. मग दुसरा. मग धारच लागली, हळदीच्या पाण्यासारखी.

तिनं फडकं वर उचललं, चारी बाजूंना फिरवलं. नाक गळत होतं, त्यात रक्ताचीही एक रेघ आली होती, तिकडे तिनं लक्ष दिलं नाही.

"ही बगा माजी कावीळ! बोला आता. मला कावीळ हाय? परवा मी दोन भारे गवत आनला डोंगरावरनं, मला कावीळ हाय?"

तिनं वाटी उचलून सगळ्यांपुढे धरली.

"या कुनीबी. ज्याला खोटा वाटतो त्यानं यावा. वाटीत अजून हाय."

कुणी उठलं नाही. मग अंबाजीनं हात पुढे केला. त्याच्या सरळपणाला त्या दिवशी तरी कुणी नावं ठेवू शकलं नसतं. त्यानं वाटी घेतली, कापूस बुडवला आणि सगळ्या गावासमोर नाकात पिळला. साठीचा माणूस खोकून खोकून लाल झाला. थोड्या वेळानं खांद्यावरच्या पंच्यावर पिवळा डाग पडला आणि पसरत गेला.

अंबाजीनं पंचा खांद्यावरून काढला आणि डाग दोन्ही हातांत धरला. मग त्यानं खाली मान घालूनच विचारलं, "रघूलासुद्धा असंच?"

"पाच दिवस," मैना म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता. "रोज. आई फडका दाखवायची नि म्हनायची, निघाली. आनी आमी बसून ऱ्हायलो, निघाली म्हनून. भावोजी, मी तुमाला फोन केला व्हता."

"मला आठवतो," अंबाजी म्हणाला. "रोज आठवतो."

तो उठला, चपला घातल्या आणि देवळाबाहेर निघून गेला. पुढारीच गेल्यावर गावकी कसली व्हायची? माणसं एकेक करून उठली. कुणी मैनाला बरोबर म्हणालं नाही, कुणी चूकही म्हणालं नाही. ती एकटीच घरी आली. दोन दिवस तिचं डोकं ठणकत होतं आणि वास येत नव्हता. तिसऱ्या दिवशी तिनं पुन्हा खुरपं हातात घेतलं.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. अंबाजी दिवाळी होऊन गेली तरी तिच्याशी बोलला नाही. पण जमिनीची गोष्ट त्यानं पुन्हा काढली नाही, आणि उरलेली फळं त्यानं वहाळात टाकली, हे त्याच्या सुनेनं मैनाला सांगितलं. कोंडातले काही लोक अजून म्हणतात, की मैनानं औषधाचा अपमान केला म्हणून त्याचा गुण गेला, रंगूच्या हातात ते खरंच होतं. म्हणोत. बायका मात्र हळूहळू मागच्या वाटेनं यायला लागल्या. आधी लहान मुलांचा खोकला, मग बाळंतिणी.

बाहेरगावची माणसंही येत राहिली. एकदा हरिहरेश्वराचं दर्शन करून पुण्याची एक मोठी गाडी दारात लागली. आतल्या गृहस्थानं चढ्या आवाजात विचारलं, एवढ्या लांबून आलो आणि औषध नाही म्हणजे काय? मैनानं त्याच्या पिवळ्या डोळ्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "सायेब, रागवा. बसून रागवा, दवाखान्यात जाऊन रागवा, पन जा." आणि रस्ता हातानं दाखवला.

माघात एका दुपारी जलीलची रिक्षा आली. आफरा एकटीच उतरली. वाळली होती, पण डोळे पांढरेशुभ्र. फिरोजा रिक्षातच बसून राहिली, तोंड दुसरीकडे करून.

"अम्मी आत येणार नाहीत," आफरा म्हणाली. "त्या अजून तुमच्यावर रागावलेल्या आहेत. मी त्यांना म्हटलं, तुम्ही रागवा, मला जायचंय."

"बरा केलास. ऱ्हाऊ दे त्यांना रागात. त्यांचा नातू गेला, राग कुनावर तरी निघनारच." मैनानं तिला मागीलदारी नेलं. आफरा एकेक झाड बघत, पानं चुरडून वास घेत हिंडली. मग म्हणाली, "मला आमच्या दारात लावायचंय यातलं काही. आमच्याकडे विहिरीपाशी जागा आहे."

"काय लावनार?"

"तुम्ही सांगाल ते. पण कशाचा काय उपयोग, आणि कशाचा नाही, दोन्ही सांगा."

इतक्या वर्षांत या बागेत कुणी मैनाला हा दुसरा प्रश्न विचारला नव्हता. तिनं कोयती घेतली आणि अडुळशाच्या जून फांदीचे चार तुकडे केले, पानओव्याचे शेंडे खुडले, वेखंडाचा एक गड्डा मातीसकट उकरला. हात चालवता चालवता ती सांगत होती. हा अडुळसा खोकल्याला, पण धाप लागली तर नाही. हा पानओवा पोटाला, वेखंड लहान लेकराला नुसतं हुंगवायचं. ही गुळवेल सगळे मागतात, टीव्हीवर सांगतात म्हणून, पण तुला देणार नाही, तुझं यकृत आत्ताच सावरलंय, डॉक्टरला विचारल्याशिवाय तोंडात घालायची नाही. आफरा मोबाइलमध्ये लिहून घेत होती.

गोणपाटात मुळ्या गुंडाळून मैना तिला सोडायला रस्त्यापर्यंत आली. फिरोजानं मान वळवली नाही. मैना रिक्षाच्या दांडीला धरून वाकली.

"फिरोजाभाभी, तुमी बोलू नका, पन ऐका. हिला पुढल्या खेपेला दिवस गेले, की पहिल्या महिन्यापासनं दवाखान्यात न्यायची, आनी पानी उकळून द्यायचा, ही कावीळ पान्यातनंच येते. न्हाय नेलीत तर मी दिघीला येऊन तुमच्या दारात बसंन. मोहल्ला बगत बसला तरी उठनार न्हाय."

फिरोजा भावाच्या खांद्यावर बोट मारून म्हणाली, "चल जलील." आणि रिक्षा सुरू झाल्यावर, तोंड पुढेच ठेवून, तिनं एवढंच विचारलं, "किती वेळ उकळायचं पाणी?"

"बुडबुडं आल्यावर आनखी पाच मिंटं!" मैना मागून ओरडली.